आमच्या घराची पैसेवारी

बीड जिल्ह्यातल्या माणसाला आकड्यांची भीती कुणी घालू नये. त्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्याच कुणीतरी कुठंतरी मोजलेल्या आकड्यावर चाललेलं असतं. गावाची पैसेवारी ५० च्या आत आली तर दुष्काळ. ५१ आली तर तुमच्या रानात कुसळ उगवलेलं नसलं तरी सुकाळ. मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला तर ती अतिवृष्टी. ६४ पडला तर तो नुसता पाऊस, आणि त्यात बांध वाहून गेला असेल तर तो स्वखुशीने गेला असं धरायचं. माजलगाव किती टक्के भरलं, मांजरा जोत्याखाली गेलं का, विम्याची तक्रार ७२ तासांच्या आत नोंदवली का, मुकादमाने कोयत्याला उचल किती दिली... चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलं की माणूस सांख्यिकी शिकूनच उठतो.

अशा जिल्ह्यात हवेचा आकडा यायला उशीरच झाला म्हणायचा. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम’ काढला आणि हवा बिघडलेल्या शहरांची यादी जाहीर केली. महाराष्ट्रातली १७ शहरं त्यात होती. मराठवाड्यातून तेव्हाचं औरंगाबाद, जालना आणि लातूर. बीड नाही. चांगल्या यादीत नाव नसायची आम्हाला सवय आहे. रेल्वेच्या नकाशात आमचं नाव लागायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, तोवर दोन पिढ्या ‘रेल्वे येणार’ या बातमीवर म्हाताऱ्या झाल्या. पण वाईट यादीतूनही वगळलं म्हटल्यावर जरा लागलं. हवा चांगली म्हणून सोडलं की मोजायलाच कुणी आलं नाही म्हणून, यावर टपरीवर दोन तट पडले आणि दोन्ही तटांनी एकेक बिडी पेटवून चर्चा पुढे चालू ठेवली.

आमच्या घरी हवेचा आकडा आला तो पुण्याहून. भाचा तिथं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या प्रोजेक्टचा विषय, सामान्य कुटुंबाला परवडेल असं घरातली हवा मोजणारं यंत्र. यंत्र तर तयार झालं, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत आकडा जागचा हलेना. गाईड म्हणाले, खऱ्याखुऱ्या घरात ठेवून बघ. खरंखुरं घर म्हटल्यावर त्याला आजोळ आठवलं. सामान्य कुटुंब म्हणून आपली निवड झाली हे ऐकून आप्पा, म्हणजे माझे वडील, फार खूश झाले. कुठल्या तरी यादीत नाव लागलं एकदाचं.

यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा पांढरा प्लास्टिकचा ठोकळा. बाजूला जाळी, समोर तीन आकड्यांची पट्टी आणि हिरवा-पिवळा-लाल होणारा एक दिवा. आत एक चिमुकला पंखा हवा ओढून घेतो, तिच्यावर लेझरचा किरण पडतो, हवेतले कण तो किरण विखुरतात आणि ते चमकणं मोजून डबा कणांचा अंदाज बांधतो. मोजायचे ते २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण. माणसाच्या केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस शेजारीशेजारी मावतात. नाकातले केस, शिंक, खोकला असल्या गावठी बंदोबस्ताला न जुमानता ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड मोजायला आत वेगळा भाग. सगळा मिळून खर्च पाच हजारांच्या आत. याच कामाचं पूर्ण सरकारी केंद्र उभं करायला खर्च कोटीच्या घरात जातो, असं भाच्याने सांगितलं तेव्हा आप्पांनी विचारलं, “मग ते काय सोनं मोजतंय का?”

डबा फ्रिजवर, क्रोशाच्या रुमालावर बसवला. देवघर डावीकडे, स्वयंपाकघर उजवीकडे, मोक्याची जागा. नवी वस्तू घरात आली की तिची पूजा करायची हा आमच्या आईचा नियम. पंपापासून पेन ड्राइव्हपर्यंत कुणालाही त्यातून सूट नाही. तिने डब्याला हळदकुंकू लावलं, दोन उदबत्त्या ओवाळल्या आणि त्या समोरच्या केळ्यात खोचल्या. ३८ वर असलेला आकडा १०० झाला, २०० झाला, ४१२ वर जाऊन थांबला आणि दिवा लालभडक. स्वतःच्याच पूजेला हरकत घेणारं हे आमच्या घरातलं पहिलं यंत्र. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून भाचा. “मामा, आग लागली का?”

इथं आम्हाला कळलं की डब्याला वाय-फाय आहे, आणि आमच्या घरातला प्रत्येक श्वास पुण्यात एका मोबाइलवर आलेखाच्या रूपात उमटतो आहे.

पुढचे काही दिवस आमच्या घरात जे चाललं त्याला संयुक्त कुटुंबाची न्यायालयीन चौकशी म्हणता येईल. सकाळी सातला फोन: “मामा, पावणेसातला काय जाळलं?” आईचा धूप. आठला फोन: “आता काय?” हिची फोडणी. संध्याकाळी सातला फोन: “हे तर दीड तास उतरतच नाहीये.” आप्पांची डासांची कॉईल, तीही दारं-खिडक्या लावून, कारण उघड्या खिडकीतून कॉईलचा धूर फुकट जातो असं त्यांचं गणित. मधे कधीतरी माझी स्कूटर. पोर्चमध्ये चोक देऊन तापवत ठेवण्यावर हिने पूर्वीही बोट ठेवलं होतं. आता तिच्याकडे पुरावा आला.

गंमत ही की प्रत्येकाला दुसऱ्याचा धूर दिसत होता आणि स्वतःचा पटत नव्हता. आई म्हणाली, देवापुढच्या धुराने आजवर कुणी आजारी पडलेलं नाही, पडलेच तर ते न लावणारे पडतात. आप्पा म्हणाले, कॉईल काय मी हौसेने लावतो? डेंग्यू झाला तर तुझा डबा सलाईन लावणार का? ही म्हणाली, फोडणी बंद करते, उद्यापासून सगळ्यांना उकडलेलं. एवढ्यावर खटला निकाली निघाला. फोडणीला त्याच संध्याकाळी सर्वानुमते निर्दोष ठरवण्यात आलं.

भाच्याने मग कागदपत्रं काढली. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉईलमधून निघणाऱ्या बारीक कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचं भरलं होतं. आप्पांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही, त्यांना या गोष्टीचा अभिमान आहे, आणि ते माळकरी आहेत. रोज शंभरेक सिगारेटी आपल्या नावावर पडतायत हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी वढत नसतो. जळती आपली ती बाजूला.”

डब्याच्या आकलनालाही मर्यादा होत्या, हे सांगितलं पाहिजे. ठेच्यासाठी हिने तव्यावर हिरव्या मिरच्या भाजल्या तेव्हा आम्ही सगळे खोकत अंगणात आलो, शेजारचे खोकत गच्चीवर गेले, गल्लीतलं एक कुत्रं शिंकून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं, आणि डबा जेमतेम दोनशेवर. तिखट त्याला कळत नाही. याउलट पाहुणे आले म्हणून पुऱ्या तळल्या, घरभर कसा प्रसन्न वास, कुणाला ठसका नाही, आणि डबा सहाशेच्या वर. म्हणजे ज्याने डोळ्यांतून पाणी येतं ते बिचारं बोलून दाखवणारं, आणि ज्याचा वास घेत आपण पाटावर बसतो ते आतून काम करणारं. नातेवाइकांच्या बाबतीत आईचं मत फार वर्षांपासून हेच आहे.

आप्पांची मुख्य शंका वेगळी होती. भारताचं बारीक कणांचं मानक २४ तासांना घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःचं मानक १५ वर आणलं. हे वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, “त्यांचं पंधरा आन् आपलं साठ? आपली छाती काय चौपट हाय?” आणि लगेच, खऱ्या बीडकराला साजेसा दुसरा प्रश्न: “बरं, किती झालं की अनुदान बसतं?”

काहीच बसत नाही, असं सांगितलं. आकडा ४०० च्या वर गेला तरी पंचनामा नाही, तलाठी नाही, ७२ तासांची मुदत नाही. आप्पांचा यंत्रावरचा निम्मा विश्वास तिथंच उडाला. पण मोजलेलं लिहून ठेवायचं ही सवय जुनी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात वर दुधाचा हिशोब, खाली पाऊस असतो. आता त्याच्याही खाली बारीक अक्षरात हवा आली. ‘दीड लि. / निरंक / २१०.’ सरकारने २०१५ मध्ये हवेला जे सहा शेरे ठरवून दिले, चांगली, समाधानकारक, मध्यम, वाईट, अतिशय वाईट आणि गंभीर, तेही त्यांनी मागितले. मी शिक्षक आहे. प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’ हा शेरा आम्ही कोणत्या मुलाला देतो हे मला पक्कं ठाऊक असल्याने त्या शेऱ्याच्या दिवशीही मी खिडकी जपूनच उघडतो.

पावसाळ्यात मात्र आप्पांनी भाच्याला धडा दिला. श्रावणातली एक दमट, धुकट पहाट. चूल नाही, धूप नाही, कॉईल नाही, सगळे झोपलेले, आणि डबा दीडशे दाखवतोय. पुण्याहून फोन आलाच. भाच्याने मग खुलासा केला की दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि स्वस्तातला सेन्सर त्यांना मोठा समजून जास्त मोजतो. महागड्या सरकारी यंत्रात हवा आधी तापवून कोरडी करतात. आप्पा म्हणाले, “हे सांगायला एवढं शिकावं लागलं का? ओला कापूस काट्यावर जास्तच भरतो. व्यापारी कटती धरतो. तू बी धर.” भाच्याने धरली. त्याच्या प्रोजेक्टच्या अहवालात ‘आर्द्रता-सुधारणा’ असं एक प्रकरण आहे, त्यात आप्पांचं नाव नाही.

शेजारच्या गुरुजींना मागे राहणं जमत नाही. त्यांनी ऑनलाइन चौदाशेचा डबा मागवला. त्यावर पाच आकडे आणि शिवाय एक हसणारा-रडणारा चेहरा, त्यामुळे आमच्या तीन आकड्यांकडे ते जरा करुणेने बघू लागले. एके दिवशी धावत आले. घरात कार्बन डायऑक्साइड ४,००० झाला होता. जाऊन बघतो तर त्यांचा मुलगा मुलगी बघायला निघालेला, आणि अंगावर अर्धी बाटली डिओ. भाच्याने फोनवर निदान केलं. या स्वस्त डब्यात कार्बन डायऑक्साइड मोजायची सोयच नसते. एक तापलेली धातूच्या ऑक्साइडची चकती कुठल्याही वाफेला, म्हणजे अत्तराला, सॅनिटायझरला, चिरलेल्या कांद्यालाही भुलते आणि त्यावरून डबा मनानेच एक आकडा ठोकून देतो. खरं मोजायचं तर त्या वायूतून अवरक्त प्रकाश सोडून तो किती गिळला हे बघावं लागतं, आणि तो भाग महाग पडतो. गुरुजींना हे पटलं नाही. त्यांच्या मते आमच्याच डब्याला डिओ कळत नव्हता. लग्न मात्र जमलं.

कार्बन डायऑक्साइडचा किस्सा सांगतोच आहे तर अभ्यासिकेचंही सांगून टाकतो. मोकळ्या हवेत हा वायू दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. खोली बंद केली की आपल्याच श्वासाने वाढत जातो. म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवलं की हजाराच्या वर गेला की खोलीतली हवा शिळी समजावी. दिवाळीच्या सुटीत भाचा आला तेव्हा डबा पिशवीत घालून गावातल्या एका अभ्यासिकेत घेऊन गेला. बीडला अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक पोरगं, समोर ‘खाकी’ किंवा ‘एमबीबीएस’ असं लिहिलेली चिठ्ठी, एसी चालू आणि हवा जाऊ नये म्हणून खिडक्यांना आतून चिकटपट्टी. मोबाइलवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा २,९०० वर गेला. मालक अभिमानाने म्हणाले, “सर, शांतता बघा इथली.” बघितली. निम्मी पोरं पुस्तकावर डोकं टेकून होती. भाचा म्हणाला, खिडकी उघडा, शांतता जाईल पण पोरं जागी होतील. मालकांनी एसीचं बिल दाखवलं.

खिडकी उघडा, हा सल्ला द्यायला सोपा. पण आमच्या गल्लीत खिडकी उघडायचा मुहूर्त काढावा लागतो. पहाटे साडेपाचला कोपऱ्यावर कचरा पेटलेला असतो. तो कोण पेटवतं हे गल्लीत कुणालाही माहीत नाही, आणि पेटवणारा रोज सकाळी आम्हा सगळ्यांना रामराम करतो. त्यात टायर असलं तर डबा सरळ लाल. म्हणजे आत धूप, बाहेर टायर. आईचं म्हणणं की निवडायचंच असेल तर धूप बरा, आणि या एका मुद्द्यावर डबाही तिच्या बाजूने होता. दर गुरुवारी बाजारातल्या मित्राच्या दुकानात मोरपिसांचा कुंचा आणि लोबानचं भांडं घेऊन एक फकीरबाबा येतात, दुकानभर धूर फिरवतात, गल्ल्यावर कुंचा टेकवतात. डबा एकदा तिथंही नेऊन ठेवला. आमच्या देवघरातला आकडा आणि तिथला आकडा एकमेकांच्या इतका जवळ आला की जिल्ह्याच्या शांतता समितीने नोंद घ्यावी.

परळीच्या व्याह्यांना मात्र या सगळ्याचं हसू येतं. परळीला औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून आहे, आणि तिकडे हवा मोजायला डबा लागत नाही. दोरीवर वाळत घातलेलं धोतर पुरतं. संध्याकाळी झटकायचं आणि किती राख पडली ते बघायचं. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हा धोतरं स्वच्छ राहिली पण धुवायला पाणी नव्हतं, असं व्याही सांगतात. नियतीचा हिशोब परळीत नेहमी असाच जुळतो.

त्याच दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी फटाके काढले आणि भाच्याने पुन्हा डोकं वर काढलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन २०१६ मध्ये एकेक फटाका जवळून मोजला होता. हजाराची लड ३८,५४०. फुलबाजी १०,३९०. भुईचक्र ९,४९०. झाड ४,८६०. आणि सगळ्यांत वर, ६४,५०० मायक्रोग्रॅमवर कोण, तर नागगोळी! जिला आवाज नाही, उजेड नाही, जी ‘ह्यात काही भीती नाही’ म्हणून आपण सगळ्यांत धाकट्याच्या पुढ्यात ठेवतो आणि तोही जमिनीवर पालथा पडून, नाक लावून ती काळी अळी वर येताना बघतो. आमच्या लहानपणी प्रत्येक घराच्या फरशीवर तिचा एक काळा गोल डाग असे आणि दिवाळीनंतर महिनाभर आई तो घासत असे.

पण डब्याची खरी परीक्षा झाली ती गावी. धारूरच्या पुढे, बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव. तिथं माझी चुलती असते. उमेदीची सगळी वर्षं काकूने ऊस तोडला. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत, आणि पट्टा पडला की परत. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत संसार केला, पाचटाच्या भिंती, वर कागद, दाराशी तीन दगडांची चूल. आता गुडघे धरले म्हणून घरी आहे, पण चूल सुटलेली नाही. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली, त्यातला सिलिंडर तिच्याकडे आहे. त्याला तिने विणलेलं झबलं घातलंय. त्यावर पाहुण्यांचा चहा होतो. भाकरी चुलीवर. “गॅसवर टाकली की भाकरी फुगती, पण खाल्ल्यावानी वाटत नाही,” हे कारण. आणि पऱ्हाटी, तुराटी रानात फुकट पडलेली असते, हे न सांगितलेलं कारण.

काकूची दोन घरं शेजारीशेजारी. एक जुनं माळवदाचं, एक नवं घरकुलाचं. माळवदात चुलीच्या बरोबर वर छताला सानं आहे. सकाळी त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरतो आणि चुलीचा धूर त्याच खांबाला धरून वर निघून जातो. काकूने पऱ्हाटीच्या काटक्या मोडून चुलीत सारल्या, फुंकणीने दोन फुंका दिल्या आणि काठवटीत पीठ मळायला घेतलं. डबा वैलाजवळ ठेवला. तीनशे, साडेतीनशे, चारशेच्या आसपास रेंगाळला. मग तोच डबा नव्या घरकुलात. पक्की भिंत, पक्का स्लॅब, रंगवलेली खिडकी, खिडकीला मांजर येतं म्हणून ठोकलेला पत्रा, आणि छताला सानं नाही. नकाशा काढणाऱ्याने चूल धरलेलीच नव्हती. तिथल्या चुलीत जाळ घातला आणि मिनिटाभरात डबा ९९९ वर गेला तो तिथंच खिळला.

काकूने तोंडावरचा पदर काढून विचारलं, “कामून थांबलं रे ते?”

“त्याची मोजायची ऐपत संपली काकू. तीनच आकडे आहेत त्याला.”

“हजारातून एकानंच हुकलं व्हय!” आणि तिने आणखी मूठभर पऱ्हाटी आत सारली.

तिला पुरे झालं म्हणेपर्यंत भाचा खोकत अंगणात पोहोचला होता. बाहेर येऊन त्याने काकूला सांगितलं की किर्क स्मिथ नावाचे एक अमेरिकन संशोधक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत गेले, रांधणाऱ्या बायकांच्या वाट्याला किती धूर येतो ते यंत्रं लावून मोजलं आणि जगाला दाखवलं की सगळ्यांत वाईट हवा कारखान्यापाशी नाही, स्वयंपाकघरात आहे. २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुरापायी जगभरात ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. काकूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या बायांला त्यानं भाकरी टाकू लागला का?”

भाचा हट्टी आहे. त्याने पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेची गोष्ट काढली. उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत त्यांनी बसवली आणि २००२ मध्ये त्यांना त्यासाठी लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशाला धूर जवळजवळ नाही. पाचट म्हटल्यावर काकूचे डोळे चमकले. त्या विषयात तिच्यापुढे कोण बोलणार? “पाचटाचा कोळसा व्हतो ते खरं आसंल बाबा. पर पहाटं चारला फडात जायचं, दिसभर मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रातच्याला येऊन भाकरी टाकायच्या. मधी कोळसा कुणी पाडायचा? मुकादमानं?” मुकादमाने कोळसा पाडल्याचं चित्र तिला इतकं आवडलं की भाकरी उलटायची राहून गेली आणि करपली. डब्याने त्याचीही नोंद घेतली असती, पण तो अजून ९९९ वरच होता.

तिथून निघताना भाच्याने घरकुलाच्या खिडकीवरचा पत्रा काढून तिथं जाळी ठोकून दिली. मांजर अजून येतं, पण धूर जातो. काकूचं म्हणणं, एवढ्यासाठी पाच हजाराचा डबा कशाला, आधीच सांगितलं असतं तर तिनेच ठोकली असती. मग आधी का नाही ठोकली, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. ती साठच्या मानकात बसणारी नाही.

घरीही थोडीफार तडजोड झाली. आईने उदबत्त्या दोनवरून एकवर आणल्या आणि देवघराची खिडकी उघडली. देवालाही वारा लागतो, ही कल्पना तिचीच म्हणून तिला मान्य. आप्पांना मच्छरदाणी आणली. ते आत बसून कॅलेंडर लिहितात. स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा चिमण्यांनी घरटं केल्यापासून बंद होता. पिलं उडून गेल्यावर तो साफ केला, आणि पुऱ्यांच्या दिवशी आकडा निम्म्यावर आला. स्कूटर आता फाटकाबाहेर तापते. शेजाऱ्यांच्या फाटकासमोर.

भाच्याच्या प्रोजेक्टला उत्तम गुण पडले. ‘वास्तव परिस्थितीतील चाचणी’ या मुद्द्यावर परीक्षकांनी खास कौतुक केलं. नोकरी लागली, पुण्यातच तीन मित्रांत फ्लॅट घेऊन राहतो. डबा परत पाठवू का म्हणून हिने विचारलं. तो म्हणाला, राहू द्या मामी, तुम्हाला भेट. हिने ती भेट एका अटीवर घेतली. तसाच दुसरा डबा त्याने स्वतःच्या खोलीत लावायचा आणि त्याचं ॲप हिच्या मोबाइलवर टाकून द्यायचं. आधी त्याच्याकडे सेन्सर संपलेले होते, मग प्लग रिकामा नव्हता, मग इंटरनेट धिमं होतं. शेवटी माझ्या बहिणीने मधे पडून डबा लावायला लावला.

परवा रात्री साडेबाराला हिने मला हलवून उठवलं, मोबाइलवरची सरळ वर चढलेली रेघ दाखवली आणि पुण्याला फोन लावला.

“काय रे, चाळीसवरून एकदम साडेपाचशे? भाकरी टाकायलास का चुलीवर?”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग खाकरणं. “मामी, ते... रूममेटने उदबत्ती लावलीय.”

“अस्सं,” ही म्हणाली. “फिल्टरची का बिनफिल्टरची?”